दुसरा सामना

शालेय क्रिकेट स्पर्धेत आमच्या मुलींच्या वाट्याला वर्षातून एक सामना येतो. स्पर्धा बाद पद्धतीची. जिंकलात तर पुढची फेरी, हरलात तर बस धरा. दवनीवाड्यासारख्या गावातून गेलेला मुलींचा संघ बहुधा बसच धरतो. त्या एका सामन्यासाठी जूनपासून मुली जमवायच्या, घरोघरी जाऊन परवानग्या मागायच्या, आधार कार्डांच्या झेरॉक्स, जन्मतारखेचे दाखले, मुख्याध्यापकांच्या सह्या, ऑनलाइन नोंदणी. एवढं करून गोंदियाला पोहोचलं की तासाभरात सगळं आटोपतं. डबे सामना संपल्यावर उघडायचे आणि पुढचा सामना पुढच्या वर्षी. तोवर निम्म्या मुली दहावी होऊन शाळेतून गेलेल्या असतात.

मी शारीरिक शिक्षण शिकवते. गावात माझं नाव फार कमी लोकांना माहीत असेल, ‘पीटीच्या मॅडम’ म्हटलं की घर दाखवतात. या नोकरीत मला मैदानापेक्षा पंचांगाशी जास्त झगडावं लागलं. आमचा पट्टा धानाचा. जुलैत रोवणी सुरू झाली की आठवी-नववीच्या मुली आईसोबत बांधीत उतरतात. त्या आठवड्यांत वर्गात हजेरी किती लागते ते या भागातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. पावसाळ्यातच शाळेचं मैदान चिखलाचं होतं आणि नेमक्या त्याच सुमारास शालेय स्पर्धांची धावपळ सुरू होते. एकदा दिवसभर रोवणी करून संध्याकाळी सरावाला आलेल्या मुलीला मी क्षेत्ररक्षण शिकवत होते. वाक, अजून खाली वाक, चेंडूच्या मागे जा. ती म्हणाली, “वाकणं येते जी मॅडम, आता उठणंच होत नाही.” त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवला.

खरं क्रिकेट आमच्याकडे सुरू होतं ते धान निघाल्यावर. बांध्या वाळून कडक होतात, धसकटं तुडवून सपाट केली जातात, आणि गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धांचे मंडप लागतात. पुढाऱ्यांच्या नावाची रोख बक्षिसं, लाऊडस्पीकरवरचं समालोचन, चहाची टपरी. मंडईच्या जत्रांइतकाच आणि झाडीपट्टीच्या नाटकांइतकाच हा आमच्या हिवाळ्याचा भाग आहे. मुली तिथे दिसतात त्या उद्घाटनाला स्वागतगीत म्हणायला. मला याचा राग येत असे, अजूनही येतो, पण रागावून काही होत नाही हे लवकरच कळलं. काय केलं तर होईल, ते मात्र २०१८च्या एप्रिलमध्ये नागपुरात कळलं.

इंग्लंडच्या महिला संघाशी भारताची तीन एकदिवसीय सामन्यांची मालिका नागपूरला होती. जामठ्याच्या मोठ्या स्टेडियमवर नव्हे, शहरातल्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर. आदल्या वर्षी, २३ जुलै २०१७ला, लॉर्ड्‌सवर याच इंग्लंडने भारताला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ९ धावांनी हरवलं होतं. २२९चा पाठलाग करताना ३ बाद १९१वरून सगळा संघ २१९ला गारद झाला. ते आमच्या मुलींनी टीव्हीवर पाहिलं होतं आणि त्या संघात नागपूरची मोना मेश्राम होती हेही त्यांना ठाऊक होतं, मी वर्गात दहादा सांगितल्यामुळे. त्यामुळे हा इंग्लंड म्हणजे त्यांच्या लेखी शत्रूच.

६ एप्रिलचा पहिला सामना आम्ही मोबाइलवर धावसंख्या बघत काढला. इंग्लंड सर्वबाद २०७. स्मृती मानधनाने ८६ केल्या, मग डाव घसरला, आणि शेवटी एकता बिश्त आणि पूनम यादव या दोन फिरकी गोलंदाजांच्या शेवटच्या जोडीने एक गडी राखून सामना काढला. मिताली राजचा तो १९२वा एकदिवसीय सामना. त्या दिवशी तिने शार्लट एडवर्ड्‌सला मागे टाकून सर्वाधिक सामन्यांचा विक्रम केला. मुली उड्या मारत होत्या. दुसऱ्या सामन्याला जायचं आधीच ठरलं होतं. घरच्यांनी ज्यांना सोडलं त्या मुली, मी आणि सोबतीला एक सहकारी शिक्षिका, अशा आम्ही गोंदियाहून गाडीने निघालो आणि रात्री नातेवाइकांकडे मुक्काम केला.

९ एप्रिलला भारत ११३ धावांत सर्वबाद झाला.

आमच्या मुलींनी आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलेला आंतरराष्ट्रीय सामना हा असा. सोफी एकलस्टन नावाची डावखुरी फिरकी गोलंदाज, तेव्हा अवघी १८ वर्षांची, तिने १४ धावांत ४ गडी घेतले. दुसऱ्या बाजूने डॅनी हेझलने आणखी ४. मानधनाच्या ४२ सोडल्या तर सांगण्यासारखं काही नव्हतं. इंग्लंडने ८ गडी राखून सामना खिशात घातला. नागपूरचं एप्रिलचं ऊन, कोरडे पडलेले घसे आणि शेजारी गप्प बसलेल्या मुली. एकलस्टनच्या वयाचं कौतुक मी करून पाहिलं, कोणी ऐकलं नाही.

मग नववीतली एक मुलगी, आमची यष्टिरक्षक, मला म्हणाली, “आता यांची बस कधी जी?”

मला आधी कळलंच नाही. ती भारताच्या संघाबद्दल विचारत होती. हरले, म्हणजे आता घरी जाणार. तिला क्रिकेट तसंच माहीत होतं.

“बस कसली? गुरुवारी पुन्हा सामना आहे.”

“कोणाशी?”

“यांच्याशीच.”

“याच मैदानात?”

“याच मैदानात.”

तिने मैदानाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा तो अविश्वास मी अनेक बैठकांमध्ये अधिकाऱ्यांना वर्णन करून सांगितला आहे, आणि एकालाही तो नीट समजला असं मला वाटलेलं नाही.

१२ तारखेला इंग्लंडने ९ बाद २०१ केल्या, त्यातल्या एकट्या एमी जोन्सच्या ९४. भारताने फक्त २ गडी गमावून त्या पार केल्या. मानधना ५३वर जखमी होऊन परतली, मिताली ७४ आणि दीप्ती शर्मा ५४वर नाबाद. तीन दिवसांपूर्वी ११३ला संपलेला तोच संघ. मालिका २-१. शाळेत आल्यावर यष्टिरक्षक बाईंनी सगळ्या वर्गाला हिशेब समजावून सांगितला, मला बोलावं लागलं नाही.

आमच्या मुलींना मालिका हवी होती. प्रशिक्षक, मैदान, साहित्य हे सगळं हवंच असतं, पण ते असूनही पहिल्या पराभवानंतर घरी जाणारा संघ काय शिकणार? चुका कळतात आणि त्या सुधारायला समोर कोणी नसतं. मी पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या गावातल्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना फोन लावला. त्यांच्या मुलींनी आम्हाला त्या वर्षी हरवलं होतं. म्हटलं, सर, तीन सामने खेळू. ते म्हणाले, कशासाठी? स्पर्धा तर झाली. प्रमाणपत्र कोण देणार? मी म्हटलं, कोणीच नाही. हे ऐकून ते थोडे घोटाळले, मग हसले आणि हो म्हणाले. भला माणूस. त्यांना दुसऱ्या खेळात जास्त रस होता, तरी आले.

तयारीचं सांगायचं तर बरंच आहे. शाळेचं किट मुलांच्या मापाचं. पॅडचे पट्टे मुलींच्या पायांना दीड वेढे घेत. हेल्मेटमध्ये वेणी मावत नाही, आणि वेणी खाली घेऊन बांधली की हेल्मेट डोळ्यांवर येतं. शेवटी वेण्या कशा घालायच्या यावर आमची एक संध्याकाळ गेली. खेळपट्टीच्या जमिनीला भेगा पडलेल्या. त्यावर उपाय मुलींच्या आयांनी काढला. शेण-मातीचा काला करून दोघी-तिघींनी बावीस यार्डांचा पट्टा अंगण सारवावं तसा सारवून दिला, दोन दिवस वाळू दिला, परत एक हात फिरवला. त्यावर चेंडू खाली राहायचा, पण सरळ यायचा. लेदरच्या चेंडूने खेळायला तेवढं पुरे.

पहिला सामना बारा षटकांचा, आम्ही हरलो. त्यांच्याकडे एक उंच, डावखुरी मुलगी होती, धावत येऊन जोरात टाकायची. तिचा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या पायांवर यायचा आणि आमच्या मुली बाजूला सरकून यष्टी उघड्या टाकायच्या. एरवी ही गोष्ट तिथेच संपली असती. पण आता पुढच्या शनिवारी तीच मुलगी पुन्हा येणार होती.

तो आठवडा माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला आठवडा. तोवर सरावाला मुली यायच्या त्या मॅडमनी बोलावलं म्हणून. आता त्यांना कारण होतं, आणि त्या कारणाला नाव, गाव, धावत येण्याची पद्धत होती. आमच्यात डावखुरं कोणी नव्हतं, तर त्यांनी सातवीतल्या एका डावखुऱ्या मुलाला पकडून आणलं आणि त्याच्याकडून रोज टाकवून घेतलं. मी ठरवलेला सराव सोडून त्यांनी स्वतःचा सराव ठरवला. पाय हलवायचा नाही, हे मी वर्षभर ओरडून सांगितलं होतं. त्या आठवड्यात त्या एकमेकींना सांगत होत्या.

याच दिवसांत एका मुलीचे वडील शाळेत आले. चांगला माणूस, स्वतः टेनिस बॉलच्या स्पर्धा गाजवलेला. म्हणाले, “हरून आलेल्या पोरींले पुन्हा त्यांच्याच समोर काहून नेता जी मॅडम? लोकं हासतात.”

मी म्हटलं, “भाऊ, तुम्ही हरलात तेव्हा पुढच्या वर्षी गेलात की नाही?”

“आम्ही गेलो. पण आमचं येगळं.”

काय वेगळं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शनिवारी ते स्वतः ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मुलींना घेऊन आले. दुसरा सामना आम्ही जिंकलो. त्यांनी तो बांधावर उभं राहून पाहिला आणि पंचाच्या एका निर्णयावर भांडायलाही आले. मला त्यांना हात धरून मागे न्यावं लागलं.

तिसऱ्या सामन्याच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला. सारवलेला पट्टा वाहून गेला, तारीख पुढे गेली, मग परीक्षा आल्या. खेळलो तेव्हा दोन्हीकडे मुली अपुऱ्या होत्या. आमच्याकडून दोन मुली त्यांच्या बाजूने क्षेत्ररक्षणाला दिल्या. आम्ही थोडक्यात हरलो. मालिका १-२. जेवताना दोन्ही शाळांच्या मुलींनी डबे एकत्र केले, भात, लाखोरीची भाजी, वांगी, आणि ती डावखुरी गोलंदाज आमच्या सलामीच्या मुलीला सांगत होती की तू पहिल्या सामन्यात घाबरत होतीस, तिसऱ्यात नाही घाबरलीस. कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात हे वाक्य माझ्या विद्यार्थिनीच्या कानावर पडलं नसतं. ते सांगायला समोरची मुलगी तीनदा समोर यावी लागते.

मोठ्यांच्या क्रिकेटमध्येही हेच होतं, फक्त आकडे मोठे. मिताली राज १९९९पासून २०२२पर्यंत खेळली. २३२ एकदिवसीय सामने, आणि कसोटी किती? १२. महिला क्रिकेट २००६मध्ये बीसीसीआयच्या छत्राखाली आलं, पैसा आला, पण सामने लगेच वाढले नाहीत. नोव्हेंबर २०१४मध्ये म्हैसूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी झाली, त्यानंतरची थेट जून २०२१मध्ये ब्रिस्टलला. एवढ्या काळात एखाद्या खेळाडूची उमेद सरते. फरक पडला तो २०१४मध्ये आयसीसीने महिला चॅम्पियनशिप सुरू केल्यावर. तेव्हा आठ संघ होते, प्रत्येकाने प्रत्येकाशी तीन एकदिवसीय सामने खेळायचेच, आणि विश्वचषकाचा थेट प्रवेश त्यावर ठरायचा. कोणाच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. मला विचाराल तर पुरुषांइतक्याच सामना-मानधनाचा २०२२चा निर्णय आणि २०२३मध्ये सुरू झालेली महिला प्रीमियर लीग (डब्ल्यूपीएल) यांच्याइतकंच श्रेय मी या रुक्ष वेळापत्रकाला देते. डब्ल्यूपीएलमुळे अमरावतीच्या भारती फुलमाळीला आणि दिशा कासटला टीव्हीवर पाहता आलं, त्याचा मला शाळेत फार उपयोग झाला हे खरं. अमरावती म्हणजे विदर्भच, हे पालकांना पटवता येतं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर सगळ्यांच्या समोर घडलं. २०२२च्या डिसेंबरमध्ये मुंबईत पाच टी-ट्वेंटी सामने झाले. ११ डिसेंबरला डी. वाय. पाटील स्टेडियमवर दोन्ही संघांच्या १८७ झाल्या आणि भारताने सुपर ओव्हरमध्ये सामना जिंकला. मालिका गेली ४-१ अशी ऑस्ट्रेलियाकडे. वर्षभराने वानखेडेवर भारताने ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा कसोटीत हरवलं, आणि लगेच पुढचे तिन्ही एकदिवसीय सामने हरले, त्यातला एक ३ धावांनी. सप्टेंबर २०२५मध्ये पुन्हा तीन सामने. दुसरा भारताने १०२ धावांनी जिंकला, पण दिल्लीच्या तिसऱ्यात ऑस्ट्रेलियाने ४१२ ठोकल्या. मानधनाने ५० चेंडूंत शतक केलं, भारत ३६९पर्यंत पोहोचला आणि हरला. विश्वचषकात विशाखापट्टणमला भारताने ३३० केल्या, त्याही ऑस्ट्रेलियाने पार केल्या. बाहेरून पाहणाऱ्याला ही हरण्याचीच यादी वाटेल.

३० ऑक्टोबर २०२५ला उपांत्य सामन्यात पुन्हा तेच समोर. आमच्याकडे धान कापणीचे दिवस, शाळेला दिवाळीची सुट्टी. ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या. मी टीव्ही बंद करावा की नाही या विचारात असताना फोन वाजला. आमची ती जुनी यष्टिरक्षक. आता पोलीस भरतीची तयारी करते, गोळाफेक चांगली आहे, धावण्यात थोडी कमी पडते. दिवसभर कापणीला गेली होती. मी म्हटलं, फार झाल्या गं धावा. ती म्हणाली, “कायच्या फार जी मॅडम? दिल्लीले तीनशे एकोणसत्तर केले होते न, हरले तरी. आज तीनशे एकोणचाळीसच पाहिजेत.”

दिल्लीचा पराभव मी पराभव म्हणून लक्षात ठेवला होता, तिने ३६९ हा आकडा लक्षात ठेवला होता. मी तिला शिकवलं होतं असं म्हणायला मला आवडेल, पण हे तिचं स्वतःचं होतं.

जेमिमा रॉड्रिग्ज १२७वर नाबाद, हरमनप्रीत कौर ८९, आणि नऊ चेंडू राखून विजय. महिला एकदिवसीय क्रिकेटमधला तेव्हाचा सर्वात मोठा यशस्वी पाठलाग. तीन दिवसांनी त्याच डी. वाय. पाटीलवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक आला. तो अंतिम सामना सगळ्यांनी पाहिला आहे, त्याचं मी काय सांगणार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तर क्रिकेटसाठी नावं द्यायला मुलींची रांग. पाचवीतल्याही. गावातली मंडळी भेटली की म्हणतात, मॅडम, आता आपल्या गावातून एक स्मृती तयार करा. सांगलीची स्मृती मानधना कोणी शाळेने एका वर्षात तयार केली नव्हती, पण हे बोलण्यात अर्थ नसतो, मी हसून पुढे जाते. मला गावातून स्मृती काढायची नाही. मला पाचवीतल्या या मुलींना दहावीपर्यंत भरपूर वेळा हरायला मिळायला हवं आहे, आणि हरल्यावर आठवड्याभरात पुन्हा खेळायला.

यासाठी लागणारा खर्च फार नाही. चेंडू, ट्रॉलीचं डिझेल, पोहे-चहा. जिल्ह्याच्या पातळीवर तर खर्चही नाही, फक्त स्पर्धेची पद्धत बदलायची. मुलींच्या क्रिकेटला मुळात संघ कमी येतात. चार संघ आले तर बाद पद्धतीने तीन सामन्यांत सगळं संपतं आणि दोन संघ एकेक सामना खेळून परत जातात. तेच साखळी पद्धतीने खेळवले तर सहा सामने होतात आणि प्रत्येक मुलगी तीन सामने खेळून घरी जाते. दोन दिवस जास्त लागतील, पंचांचा भत्ता थोडा वाढेल. संघ चाळीस आल्यावर खुशाल बाद पद्धत ठेवा.

आणि माझ्यासारख्याच शाळांमध्ये पीटी शिकवणाऱ्यांना सांगणं आहे की या बदलाची वाट पाहू नका, परिपत्रक यायला वेळ लागतो. धान निघालं की ज्या शाळेने तुमच्या मुलींना हरवलं असेल त्या शाळेला फोन करा. एक तारीख मागू नका, तीन मागा, आणि चौथी पावसासाठी राखून ठेवा.